माजघरातला विनोद आणि दूरचित्रवाणी



व्याख्यानमालेच्या पत्रिकेतले इतर दिवसांचे विषय भारदस्त असतात. त्यांच्या पंक्तीला दूरचित्रवाणीवरची विनोदी प्रहसने आणि स्त्रिया हा विषय पाहून काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. रात्रीची जेवणे चालू असताना समोरच्या पडद्यावर जे चाललेले असते, त्यावर तासभर बोलण्यासारखे काय आहे, असेही कोणाला वाटले असेल. पण ज्या गोष्टीला आपण रोज हसतो तिच्याकडे आपण क्वचितच निरखून पाहतो. समाज कोणाला पूज्य मानतो हे त्याच्या देवळांवरून कळते. तो कोणाला हसतो आणि हसवण्याची मुभा कोणाला देतो, हे त्याच्या करमणुकीवरून कळते. यातला मुभेचा प्रश्न मला आज आपल्यापुढे मांडायचा आहे. बाईला हसणारे पुष्कळ असतात. हसवण्याचा अधिकार तिच्या हाती कितपत आला, हे आपण पाहू.

प्रथम प्रहसन म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. आजची मुले त्याला स्किट म्हणतात. दहा-पंधरा मिनिटांत एक प्रसंग उभा करायचा, त्यात एक अडचण घालायची, ती वाढवत न्यायची आणि शेवटी एक कलाटणी देऊन पडदा पाडायचा, असा हा खेळ आहे. नाटककाराला पात्रांची ओळख करून द्यायला सबंध पहिला अंक मिळतो. प्रहसनकाराला मिळते फक्त पहिले वाक्य. एवढ्या थोड्या वेळात पात्र उभे करायचे, तर प्रेक्षकांच्या मनात जे साचे आधीच तयार असतात तेच वापरावे लागतात. विसराळू प्राध्यापक, चिक्कू सावकार, बढाईखोर पुढारी हे पुरुषांचे साचे. खाष्ट सासू, भांडखोर बायको, भोचक शेजारीण, दांड्या मारणारी मोलकरीण हे बायकांचे. साचा ही मुळात वाईट गोष्ट नव्हे. त्याशिवाय प्रहसन उभेच राहत नाही. आपल्या सोलापूरला हे समजावून सांगायला नको. मागाच्या डोक्यावर जकार्डचे पुठ्ठे असतात. त्यांना ज्या जागी छिद्रे पाडलेली असतील तेच फूल चादरीवर उठते, आणि पुठ्ठे बदलेपर्यंत तेच उठत राहते. तेव्हा चादर कोण विणतो हा प्रश्न जितका महत्त्वाचा, तितकाच पुठ्ठ्यांना छिद्रे कोण पाडतो हाही महत्त्वाचा.

आता कोणी म्हणेल, विनोद तो विनोद. त्यात स्त्री काय आणि पुरुष काय? याचे उत्तर आपल्याच अनुभवात आहे. या गावात मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषा एका गल्लीत नांदतात, आणि त्यांतून आपली एक बोली तयार झाली आहे. एखादा परगावचा नट आपला ‘बे’ वाक्यावाक्याला चिकटवून सोलापूरकराची नक्कल करतो, तेव्हा इतरांबरोबर आपणही हसतो, पण मनात कुठेतरी काटा रुततो. उलट आपल्यातलाच कोणी त्याच बोलीत गावाची थट्टा करू लागला, तर आपण डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसतो आणि काटा म्हणून रुतत नाही. बोली तीच आणि लोकही तेच. पहिल्या खेपेस आपण हसण्याचा विषय होतो. दुसऱ्या खेपेस हसवणारा आपला होता, आणि कुठे थांबायचे हे त्याला ठाऊक होते. स्त्रियांच्या बाबतीत नेमके हेच आहे.

बायकांना विनोद कळत नाही, असे म्हणणारे सद्गृहस्थ आजही भेटतात. त्यांचा दोष नाही. बायकांचा विनोद जिथे चालत असे तिथे त्यांना मज्जाव होता. श्रावणातल्या मंगळवारी मंगळागौर जागवतात. पूजा आटोपली, पुरुषमंडळी निजली, की फुगड्या, झिम्मा, पिंगा यांना सुरुवात होते. त्या खेळांत नुसत्या उड्या नसतात. एकीने सासू व्हायचे, दुसरीने सून, आणि दोघींनी सवाल-जवाबात एकमेकींची उणीदुणी काढायची, असे खेळ त्यांत असतात. भोंडल्याच्या गाण्यांत सासरच्या माणसांची यथेच्छ टर उडवलेली असते. लग्नात विहिणीला उद्देशून म्हटलेली गाणी ऐकली, तर आजच्या प्रहसनकाराने कान धरावेत. एखादी पोक्त बाई यजमानांचा कोट चढवून, डोक्यावर त्यांची टोपी ठेवून त्यांच्या खाकरण्याची नक्कल करू लागली, की माजघर हसून लोटपोट होई. हे सारे प्रहसनच होते. त्याची लेखिका, नटी आणि प्रेक्षक सगळ्या स्त्रियाच. फक्त ते माजघराच्या उंबऱ्याबाहेर पडत नसे, आणि लिहून ठेवावे असे कोणाला वाटत नसे.

उंबऱ्याबाहेर, चव्हाट्यावर, चित्र वेगळे होते. आपल्याच जिल्ह्यातले पंढरपूर घ्या. सोळाव्या शतकात एकनाथांनी भारुडे रचली. भारूड म्हणजे सोंग घेऊन सांगितलेले अध्यात्म. एका अर्थाने ते मराठीतले पहिले प्रहसनच. नाथांच्या एका प्रसिद्ध भारुडात एक सून भवानीआईला नवस बोलते आणि सासरचे एकेक माणूस आपल्या वाटेतून दूर करण्याचे मागणे मागते. अर्थ पारमार्थिक आहे. पण ऐकणाऱ्या बाईला त्यात माजघरातली थट्टाच ऐकू येते. ही सून पुष्कळदा लुगडे नेसलेला पुरुषच रंगवीत आला. आपल्या काळात पंढरपूरच्या चंदाताई तिवाडी यांनी भारूड स्वतः उभे राहून सादर केले आणि नाव मिळवले. जे शब्द बाईच्या तोंडी घातलेले होते ते खऱ्याच बाईच्या तोंडून आले, की त्यांचे वजन बदलते. सून देवीजवळ गाऱ्हाणे मांडते आहे असे मग वाटू लागते, आणि हशा पिकतो तो ओळखीचा.

तमाशाचे उदाहरण याहून बोलके आहे. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचा जन्म १९३५ साली पंढरपुरात झाला. त्यांच्या नावाचा फड महाराष्ट्रभर फिरला, राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला, आणि २००२ साली त्या गेल्या. फडावर नाव बाईचे, गर्दी खेचण्याची ताकद बाईची. तरी तमाशाची जी परंपरागत रचना आहे तिच्यात हशा पिकवण्याचे काम मुख्यतः सोंगाड्याकडे असते. गवळणीत पेंद्या असतो. आणि गवळणींची पुढारी जी मावशी, जिच्या प्रत्येक वाक्याला टाळी पडते, ती पुरुषच रंगवतो. म्हणजे बायकांमधली सर्वांत विनोदी बाई हीच नेमकी बाई नसते! तात्पर्य, बाईचे नाव पाटीवर असणे वेगळे आणि विनोद तिच्या हाती असणे वेगळे.

रंगभूमीवर बालगंधर्वांनी स्त्रीभूमिका केल्या. पण त्यांच्या शालूला कोणी हसले नाही, उलट घराघरांतल्या स्त्रियांनी त्याचे अनुकरण केले. तेव्हा पुरुषाने लुगडे नेसले की विनोद होतोच असे नाही. १९३३ मध्ये ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक आणले, स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांकडून करवल्या, आणि ती वहिवाट पुढे रुळली. गंभीर नाटकांत स्त्रीपार्टी पुरुष हळूहळू दिसेनासा झाला, पण विनोदात तो टिकून राहिला. शाळा-महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत आजही एखादा मिशाळ मुलगा साडी नेसून आला की मंडप दणाणतो. मुलगी धोतर नेसून आली तर तितका हशा होत नाही. याचे कारण विचार करण्यासारखे आहे. वरच्या पायरीवरचा माणूस खाली घसरला तर लोक हसतात; खालच्या पायरीवरचा वर चढू लागला तर ते हसत नाहीत, कपाळाला आठ्या घालतात. माजघरात मात्र यजमानांच्या टोपीला हशा मिळे, कारण तिथे पायऱ्यांचा हिशेब उलटा मांडलेला असे.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. त्यावरच्या ‘गजरा’ या कार्यक्रमाने लहान लहान नाट्यप्रवेशांची मराठी प्रेक्षकांना गोडी लावली. या नव्या साधनात एक विशेष होता. तमाशाला जायचे तर बाईला घर सोडावे लागे, आणि घरंदाज म्हणवणारी बाई ते करीत नसे. दूरचित्रवाणी मात्र स्वतःच माजघरात येऊन बसली. विनोद ऐकायला प्रथमच सासू, सून, नणंद आणि मोलकरीण पुरुषांइतक्याच हक्काने समोर बसल्या. ज्यांच्यावर विनोद होत होता त्याच आता प्रेक्षक झाल्या होत्या. मग त्याची सूत्रेही त्यांच्यातल्या कोणाकडे जायला नकोत काय?

इथे थोडा वेळ अमेरिकेत जाऊन येऊ, कारण हा प्रश्न तिकडे आपल्याआधी ऐरणीवर आला. कॅरल बर्नेट ही १९३३ मध्ये टेक्ससमध्ये जन्मलेली, आजीने गरिबीत वाढवलेली नटी. सीबीएस या कंपनीशी तिचा दहा वर्षांचा करार झाला. पहिल्या पाच वर्षांत तिने मागणी केल्यास तिला तासाभराच्या विविधरंजनाचे तीस कार्यक्रम दिलेच पाहिजेत, असे एक कलम त्यात होते. पाचवे वर्ष संपता संपता तिने त्या कलमावर बोट ठेवले. अधिकाऱ्यांनी तिला समजावले, की हा प्रांत पुरुषांचा आहे. तिने घरगुती विनोदी मालिका करावी, तीही आम्ही देऊ. ती हटली नाही. कागदावर सही होती, म्हणून कंपनीचा नाइलाज झाला. ११ सप्टेंबर १९६७ रोजी सुरू झालेला ‘द कॅरल बर्नेट शो’ अकरा हंगाम चालला, १९७८ मध्ये संपला, आणि त्याला पंचवीस एमी पारितोषिके मिळाली. प्रारंभी ती पडद्यासमोर एकटी उभी राहून प्रेक्षकांच्या प्रश्नांना उत्तरे देई. शेवटी आजीला खूण म्हणून कानाची पाळी ओढी.

पण मला यशापेक्षा तिने सूत्रे कशी चालवली ते सांगायचे आहे. ‘गॉन विथ द विंड’ या १९३९ च्या चित्रपटात कंगाल झालेली नायिका घरातल्या पडद्यांचा पोशाख शिवते. १९७६ मध्ये बर्नेटच्या कार्यक्रमात त्याची जी थट्टा झाली तिच्यात ती जिना उतरून येते ती पडद्याच्या दांडीसकट. दांडी खांद्यांवर आडवी तशीच! ही कल्पना वेशकार बॉब मॅकी याची. पण चारचौघांत असे हास्यास्पद दिसायला नटी तयार असावी लागते. सुंदर दिसण्याची सक्ती जिच्यावर दुसऱ्याने लादलेली असते ती विदूषक होऊ शकत नाही. आज तो पोशाख वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. एका भांडखोर कुटुंबाची प्रहसने तिच्या कार्यक्रमात होत. लेखकांची अपेक्षा होती की खाष्ट आईची भूमिका बर्नेट करील. तिने निवडली मुलगी युनिस. आईचे काम तिने आपल्याहून सोळा वर्षांनी लहान असलेल्या व्हिकी लॉरेन्सला दिले. ही युनिस आरडाओरडा करणारी, रडणारी, कोणालाच नको असलेली बाई. आपण तिला हसू लागतो, आणि हसता हसता लक्षात येते की हिचे आयुष्य वाया गेले आहे. साचा तोच राहिला, पण त्याच्या आत माणूस दिसू लागला. तिथेही लेखकवर्गात बहुतेक पुरुषच होते, हे सांगितले पाहिजे. लेखणीही स्त्रियांच्या हाती आली ती पुढे. इंग्लंडमध्ये डॉन फ्रेंच आणि जेनिफर साँडर्स या दोघींनी १९८७ पासून बीबीसीवर स्वतःच लिहून स्वतःच प्रहसने केली. २०१९ मध्ये रॉबिन थीड हिने ‘अ ब्लॅक लेडी स्केच शो’ सुरू केला, तेव्हा लिहिणाऱ्या आणि प्रमुख भूमिका करणाऱ्या सगळ्या कृष्णवर्णीय स्त्रियाच होत्या.

आता परत घरी येऊ. आपल्याकडे निर्मिती सावंत यांची ‘कुमारी गंगूबाई नॉन मॅट्रिक’ ही मालिका आली. शीर्षक बाईचे, मध्यबिंदू बाई, आणि तीही नायिकेच्या ठराविक चौकटीत न बसणारी. २०१० मध्ये झी मराठीवर ‘फू बाई फू’ सुरू झाला. त्याचे नाव पाहा. ते फुगडीतून, म्हणजे थेट मंगळागौरीच्या माजघरातून आले आहे. परीक्षकांच्या खुर्चीवर निर्मिती सावंत होत्या, आणि विशाखा सुभेदार यांच्यासारख्या नटी त्यातून घरोघरी पोहोचल्या. २०१४ पासून ‘चला हवा येऊ द्या’ने महाराष्ट्राला वेड लावले. त्यातले पुरुष नट गुणी होते, हे निःसंशय. पण थुकरटवाडीतल्या बायकांपैकी बऱ्याच बायका पुरुषच होत्या, आणि पुरुषांच्या त्या गर्दीत श्रेया बुगडे यांना पुष्कळदा एकटीने खिंड लढवावी लागली. नामवंत नटींच्या त्यांनी केलेल्या नकला आठवा; निरीक्षण म्हणजे काय ते त्यांत दिसते. मावशीची परंपरा किती चिवट आहे, हेही त्याच कार्यक्रमात दिसते.

२०१८ मध्ये सोनी मराठीवर ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ आली. तिचे सूत्रधार सचिन गोस्वामी आणि सचिन मोटे हे पुरुषच; तेव्हा तिला स्त्रियांनी चालवलेला कार्यक्रम म्हणता येणार नाही. परंतु विशाखा सुभेदार, नम्रता संभेराव, वनिता खरात, शिवाली परब या नटींनी तिथे जे काम केले ते नायकाच्या बोलण्याला ‘अय्या’ म्हणण्याचे नव्हते. प्रसंगाचा तोल त्यांच्यावर असतो, शेवटची टाळी त्या घेतात, आणि समोरच्या पुरुषाला गडबडून टाकण्याचे काम त्या चोख बजावतात. दर आठवड्याला नवी प्रहसने उभी करायची, थोड्या तालमींत ती पाठ करायची आणि प्रेक्षकांसमोर वठवायची, ही मेहनत ज्यांनी केली त्यांच्याविषयी ‘बायकांना विनोद जमत नाही’ हे वाक्य उच्चारणे आता कठीण झाले आहे.

तरीही, बाईच्या जाडेपणावर, बाईच्या रंगावर आणि बायकोच्या कटकटीवर बेतलेली वाक्ये आजही पडद्यावरून येतात आणि आपण हसतो. नटीने ती वाक्ये कितीही उत्तम म्हटली, तरी पुठ्ठे जुनेच असतील तर फूलही जुनेच उठणार. लेखणी हाती आली की काय होते, याचा दाखला चित्रपटाने दिला आहे. २०२३ चा ‘बाईपण भारी देवा’ वैशाली नाईक यांनी लिहिला. त्यात सहा बहिणी मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येतात, आणि तो पाहायला बायका घोळक्याघोळक्याने चित्रपटगृहांत गेल्या. २०२४ चा ‘नाच गं घुमा’ मधुगंधा कुलकर्णी आणि परेश मोकाशी यांनी लिहिला. त्यात नम्रता संभेराव यांनी मोलकरणीचे काम केले आहे. दांड्या मारणारी मोलकरीण हा प्रहसनातला अगदी झिजलेला साचा. पण इथे तिला घर आहे, आणि दांडी मारण्यामागे कारण आहे. मालकिणीची त्रेधा पाहून आपण हसतो, मोलकरणीची ओढाताण पाहूनही हसतो, आणि बाहेर पडताना आपल्या घरी येणाऱ्या बाईंचा चेहरा डोळ्यांपुढे येतो. त्याआधी, १९८१ च्या ‘चश्मे बद्दूर’ आणि १९८३ च्या ‘कथा’ या चित्रपटांत सई परांजपे यांनी, आणि कागदावर मंगला गोडबोले यांनी, स्त्री विनोद रचू शकते हे कधीच दाखवून दिले होते. दूरचित्रवाणीच्या प्रहसनांनी तेवढीच मजल मारायला हवी.

याचा अर्थ पुरुषांनी विनोद करू नये किंवा बायकांवर विनोदच होऊ नये, असा नव्हे. बायकांवर विनोद अवश्य व्हावा. मंगळागौरीत बायकाच एकमेकींवर किती करीत! देव्हाऱ्यात बसवलेल्या माणसाची थट्टा कोणी करीत नाही आणि त्याच्याशी मैत्रीही कोणी करीत नाही. मागणे एवढेच आहे, की थट्टेच्या खेळात तिच्याही हाती डाव असावा.

आणि हा डाव मुंबईतल्या वाहिन्यांवरच मिळतो असे नाही. या सभागृहातल्या कित्येकांच्या घरी एखादी मुलगी असेल, जी शेजारच्या काकूंची, शाळेतल्या बाईंची, प्रसंगी वडिलांचीही हुबेहूब नक्कल करते. चारचौघांत तिने ती केली की आपण म्हणतो, पुरे झाला चावटपणा, मुलीच्या जातीला शोभत नाही. भावाने केली तर पाहुण्यांसमोर त्याला पुन्हा करायला लावतो. स्नेहसंमेलनाच्या प्रहसनात मुलीला भूमिका दिली जाते ती बहुधा चहाचा ट्रे आणणाऱ्या बायकोची. पुढच्या खेपेला तिला विचारून पाहा, प्रहसन तू लिहितेस का? कदाचित पहिला विनोद आपल्यावरच होईल. त्या वेळी आपण मोकळेपणाने हसलो, तर आजचे व्याख्यान सत्कारणी लागले असे मी समजेन.